शेऱ्याचा रकाना

आमच्या तालुका इतिहास मंडळाचं वार्तापत्र ज्या ईमेल सेवेतून जायचं, ती बदलायचं ठरलं. जुनी सेवा फुकट होती, मग पैसे मागू लागली. यादी हलवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. पण टपालखर्चासाठी धडपड करणं इतिहासाच्या मंडळींना नवं नाही.

मोडक, साने आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक काढलं. बखरी, जुनी पत्रं, कविता तुकड्यातुकड्यानं छापून टपालानं धाडायच्या. एखादा अंक गहाळ झाला, की वर्गणीदाराच्या घरची बखर ऐन लढाईत तुटायची! पुढच्याच वर्षी, १ जुलै १८७९ला, एका पैशाचं पोस्टकार्ड आलं. तक्रार करणं स्वस्त झालं. संपादकांना ते कितपत मानवलं असेल, कोण जाणे.

१९१०मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पुढे त्याचं त्रैमासिकही निघालं. इथे पोस्टाची खरी गोम. १८९८च्या कायद्यात वर्तमानपत्राचा सवलतीचा दर ३१ दिवसांच्या आत निघणाऱ्या नियतकालिकालाच होता. इतिहासाचा माणूस महिन्याला अंक काढणार कुठून? त्रैमासिकांच्या वाट्याला बुकपोस्ट. दोन्ही टोकं उघडी ठेवलेलं रॅपर, म्हणजे पोस्टातल्या माणसाला आत डोकावता यावं. अंकात खासगी चिठ्ठी सापडली, की बैरंग.

आमचाही अंक वर्षानुवर्षं असाच गेला. त्या काळची पत्त्यांची वही कपाटात आहे. परत आलेल्या प्रत्येक अंकामागे चिटणिसांनी लाल शाईनं शेरा मारलाय: ‘बदली, नाशिक’, ‘मयत’, ‘मुलाकडे ठाण्यास’, आणि एका ठिकाणी नुसतं ‘रागावले’. तालुक्यातून माणसं कधी आणि कुठे गेली, हे त्या वहीइतकं मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

जुन्या सेवेनं मात्र परत आलेले पत्ते आपणहून बाजूला टाकले होते. कारणाच्या जागी ‘बाउन्स’, बस्स! पोस्टमन निदान शेजाऱ्याला विचारून यायचा.

म्हणून नव्या यादीत मी शेऱ्याचा रकाना पाडून घेतलाय, आणि गळालेल्यांना एकेक करून फोन लावतोय. यादी दरवर्षी छापून वहीला जोडावी, असा ठरावही मांडलाय. खजिनदार म्हणतात, मग ईमेलवर जाऊन वाचलं काय?