प्रवासाचा वेळ वजा जाता

पोलिसांच्या गाडीचा इतिहास लिहायला बसलेला माणूस बहुधा इंजिनापासून सुरुवात करील. मी कायद्यातल्या एका वजाबाकीपासून करतो. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ६१वे कलम सांगे की, वॉरंटाविना पकडलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय चोवीस तासांहून अधिक काळ कोठडीत ठेवू नये. मात्र अटकेच्या जागेपासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाला लागणारा वेळ त्यातून वगळावा. हीच सवलत राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात आली, १९७३च्या संहितेत ५७वे कलम झाली आणि १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ५८वे. म्हणजे आरोपीला कोणत्या वाहनातून नेतात, यावर त्याची कोठडी किती लांबणार हे ठरत आले आहे.

वाशीमसारख्या मुलखात हा प्रश्न कागदी नव्हता. वऱ्हाडातला जुना बाशीम जिल्हा १९०५मध्ये मोडला आणि वाशीम अकोल्यात गेले. त्यानंतर जिल्ह्याचे ठाणे म्हणजे मालेगाव, मेडशी, पातूर ओलांडून अकोला. वाशीमपासून सुमारे ८० किलोमीटर. ताशी चार किलोमीटरने चालणाऱ्या बंडीला हे अंतर तोडायला वीस तास लागतील, बैलांचा चारापाणी आणि मुक्काम वेगळा. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहराने १८९९मध्येच विजेवर चालणारी पोलीस गाडी घेतली होती. त्याआधी तिकडे कैद्यांच्या घोडागाडीला ‘ब्लॅक मारिया’ म्हणत. एडिसनच्या १८९३च्या काळ्या, कोंदट चित्रीकरणगृहाला त्याच्या माणसांनी तेच नाव ठेवले! सिनेमाच्या जन्मघराला कैद्यांच्या गाडीचे नाव मिळावे, हे मला अजून गमतीचे वाटते.

स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली आणि ‘जीप’ हा शब्दच सरकारी गाडीला चिकटला. आज दारात बोलेरो उभी राहिली तरी खेड्यातला म्हातारा ‘जीप आली’ असेच म्हणतो. गर्द निळी, खिडक्यांना जाळी लावलेली मोठी गाडी वेगळी. ती रामनवमीला पोहरादेवीच्या बंदोबस्ताला शिपाई आणते, एरवी कैदी नेते. जाळी दोघांनाही तीच.

या गाडीच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल कारखान्यात नव्हे, मंत्रालयात झाला. १ जुलै १९९८ला वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा जिल्हा झाला, पोलीस अधीक्षक वाशीमला बसू लागले, आणि जिल्ह्याच्या ठाण्याची वाट कमी झाली.

पण गाडी असते तेव्हा. नसते तेव्हा ‘कैदी पार्टी’ एसटीने निघते: दोन-तीन शिपाई, मधे कैदी, शेजारी भाजीची पाटी घेतलेली बाई. सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट बेड्या घालण्याला मनाई केली. निकाल योग्यच होता. पण कैदी पळाला तर निलंबन शिपायाचे. जाळीची गाडी त्यामुळे कैद्याच्या अब्रूची आणि शिपायाच्या भाकरीची, दोन्हींची गोष्ट आहे. न्यायालयीन कोठडी वाढवायला आता दृक्श्राव्य हजेरी चालते आणि कित्येक फेऱ्या वाचतात. पोलीस कोठडीसाठी मात्र माणूस प्रत्यक्षच उभा करावा लागतो, आणि ते तसेच राहावे. पडद्यावर अंगावरचे वळ दिसतीलच असे नाही.

२०२१पासून राज्यात ११२ क्रमांकाची सेवा सुरू झाली. जीपीएस लावलेली गाडी फोन करणाऱ्याकडे किती मिनिटांत पोहोचली, हे नियंत्रण कक्षाला दिसते. हीच नोंद आरोपी नेणाऱ्या प्रत्येक गाडीची ठेवावी आणि रिमांडच्या कागदांबरोबर दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावी, असे माझे मत आहे. मानोऱ्याहून वाशीमला निघालेली गाडी मंगरूळपीरला किती वेळ थांबली, हे बंडीच्या काळात कोणी मोजू शकत नव्हते. आता मोजता येते.