परमुलुखातील शिक्षक : निजामकालीन औरंगाबाद

17 सप्टेंबर 1948 पर्यंत औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हैदराबाद संस्थानात होते. पुणे-नाशिककडील नवपदवीधराने कुटुंबासह येथे अध्यापनास येणे हे एका अर्थी परदेशगमनच होते. चलन हाली शिक्का, राजभाषा उर्दू. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. अशा परिस्थितीत 1915 मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवनसारख्या संस्थांमुळे मराठीस आधार लाभला. मात्र या निर्णयाची झळ शिक्षकाच्या मुलांनाही पोहोचे. उस्मानियात शिकायचे तर उर्दू आत्मसात करणे भाग, अन्यथा इंग्रजी माध्यमासाठी घर सोडणे. मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ 1958 मध्ये लाभले. मुक्तिलढ्याच्या इतिहासात शिक्षकांचे कार्य नोंदले गेले. त्यांच्या कुटुंबांच्या स्थलांतराचाही स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे.