गजकर्णाची औषधे : नाव आणि वाहन

गोंदिया जिल्ह्यात (१ मे १९९९ पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे) धानाची रोवणी सुरू झाली म्हणजे रोवणाऱ्यांचे पाय दिवसचे दिवस बांधीतील पाण्यात राहतात. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या, बहुधा बुरशीजन्य, विकारास मराठीने ‘चिखल्या’ म्हटले ते कारणावरून. ‘गजकर्ण’ हे नाव आकारावरून पडले. ज्या वनस्पतीस विदर्भात तरोटा व अन्यत्र टाकळा म्हणतात, तिचे ‘दद्रुघ्न’ हे संस्कृत नाव गुणावरून आले आहे. औषध कशातून लावावयाचे, हे मात्र यांपैकी एकाही नावात येत नाही. आणि या औषधांच्या इतिहासात निर्णायक ठरले ते नेमके तेच.

‘गोवा पावडर’चे उदाहरण घ्यावे. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी गजकर्णावरील या पिवळसर चूर्णाकडे इंग्रज वैद्यकाचे लक्ष वेधले. चूर्ण गोव्याचे नव्हतेच. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ते सापडते, आणि पोर्तुगीज व्यापाराच्या वाटेने ते गोव्यास येई. हे ऐक्य १८७५ च्या सुमारास बाहियाचे डॉ. दा सिल्व्हा लिमा यांनी दाखविले. नावाने बंदर लक्षात ठेवले, झाड विसरले. चूर्ण पाण्यात विरघळत नसल्याने लोक ते लिंबाच्या रसात वा शिरक्यात कालवून चोळीत. पुढे त्यातील क्रायसारोबिन चरबीत मिसळून मलम झाले. ते गुणकारी होते, पण कपडे डागाळी व निरोगी त्वचाही भाजून काढी.

विसाव्या शतकातील बुरशीनाशक प्रतिजैविकांचीही अडचण हीच होती. १९५० मध्ये हेझन व ब्राउन यांनी जाहीर केलेल्या नायस्टॅटिनला न्यूयॉर्क राज्याचे नाव मिळाले. मूळ माती मात्र व्हर्जिनियातील एका शेताची. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हॅमायसिन प्रसिद्ध केले. त्यातील ‘हॅ’ कारखान्याचा, आणि ते निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या ‘पिंप्रिना’ या जातिनामात गाव आले. ही सर्व द्रव्ये पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहेत. अँफोटेरिसिन-बी शिरेतून देणे शक्य झाले ते डीऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या आधाराने, म्हणजे शरीरातल्याच एका साबणाने.

साबणाची उपमा येथे अक्षरशः खरी आहे. पृष्ठक्रियाशील द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे तेलाकडे. पुरेसे रेणू जमले की ते आपल्या पोटात अविद्राव्य औषध बाळगतात. १९७० च्या दशकात सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगात अशा विद्युत्भाररहित द्रव्यांच्या सूक्ष्म पिशव्या, अर्थात निओसोम, तयार झाल्या, आणि पुढे बुरशीनाशकांच्या जेलसाठी त्यांवर पुष्कळ संशोधन झाले. ‘त्वचेतून’ औषध पोहोचविणे हा शब्दप्रयोग येथे थोडा फसवा आहे. गजकर्णाची बुरशी बहुतांशी त्वचेच्या मृत, शृंगी थरातच राहते. म्हणून औषध पार रक्तापर्यंत जाणे नव्हे, तर त्या थरात टिकून राहणे इष्ट होय. पृष्ठक्रियाशील द्रव्ये त्या थरातील स्निग्ध पदार्थ सैल करून वाट देतात. पण प्रमाण चुकले तर तीच त्वचेस दाह करतात. क्रायसारोबिनचा जुना दोष येथे नव्या रूपाने भेटतो.

वाहनाकडून अवास्तव अपेक्षाही करू नये. स्टिरॉइडमिश्रित मलमांनी खाज थांबते, बुरशी मात्र पसरते. आणि टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी भारतात आता सर्रास आढळते. तिचा प्रतिकार तिच्या एका विकरातील बदलामुळे असतो, आणि औषध कितीही कौशल्याने पोहोचविले तरी ते जेथे जडावयाचे ती जागाच बदललेली असते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी या बुरशीस स्वतंत्र जाती मानून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिले. नमुने भारत व नेपाळ येथील रुग्णांचे होते. नावात भारत तेवढा आला.