सुखना सरोवरातील नौका

लोहमार्गाच्या अंगास वसविलेल्या चंडीगढच्या इंडस्ट्रियल एरियाची आखणी होताना समुद्र कोणाच्या मनात येणे संभवनीय नव्हते. तथापि ज्या नगरीच्या निर्मात्यांनी 1958 साली सुखना चो या ओढ्यावर बांध घालून शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी सरोवर निर्माण केले, तिला नौकाशास्त्र फार काळ परके राहणार नव्हते. चंडीगढचे वास्तुरचनाकार ल कार्बूझिए यांचे चुलतभाऊ व सहकारी वास्तुरचनाकार प्येअर जानरे, जे 1951 पासून 1965 पर्यंत तेथे सरकारी चाकरीत राहिले, त्यांनी खुर्च्या-मेजांइतक्याच आस्थेने या सरोवरासाठी पायांनी चालविण्याच्या नौकांचे आराखडे केले, ही गोष्ट मला त्यांच्या कित्येक इमारतींहून अधिक मोलाची वाटते.

अशा सरोवराजोगी लहान होडी घरच्या पडवीत बांधणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले ते प्लायवुडने. लाकडाचे पापुद्रे परस्परांशी काटकोनात चिकटविल्यामुळे हलका व बळकट झालेला हा तक्ता कापून, त्याचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून, सांधे राळ व फायबरग्लासच्या पट्टीने बुजविण्याची जी रीत 1960 नंतरच्या दशकात ब्रिटनमधील ‘मिरर’ होडीने लोकप्रिय केली, तिचे मूलतत्त्व अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर काथ्याने फळ्या शिवून गलबते बांधणाऱ्या कारागिरांना शतकानुशतके अवगत होते.