घरच्या गॅस भट्टीसाठी अस्तर निवडताना...

लोहाराच्या पारंपरिक भट्टीत आग मोकळी असते. कोळशाच्या ढिगात भात्याचा वारा जातो, लोखंड त्या ढिगातच तापते आणि भोवतीची माती अधूनमधून लिंपली की काम भागते. गॅसच्या भट्टीचे तसे नाही. येथे ज्योत एका पोकळीत सोडलेली असते आणि लोखंड तापते ते मुख्यतः त्या पोकळीच्या लालबुंद झालेल्या भिंतींमुळे. सुऱ्या, कोयते, छिन्न्या घडविण्याच्या हौसेपोटी जे स्वतःच अशी भट्टी बांधू पाहतात, त्यांनी म्हणूनच बर्नरपेक्षाही अधिक विचार अस्तराचा करावयास हवा. अस्तर चुकले तर सिलिंडर लवकर संपतो, एवढ्यावरच भागत नाही. बाधा फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकते.

पोलाद घडविण्यासाठी साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमान लागते. दोन तुकडे तापवून, ठोकून एकजीव करायचे तर १२५० ते १३०० अंशांपर्यंत जावे लागते. एवढी उष्णता सोसणारे उच्चतापसह पदार्थ बाजारात अनेक आहेत. मात्र उष्णता सोसणे आणि उष्णता अडविणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. दुकानात 'फायर ब्रिक' मागितली की २३० बाय ११५ बाय ७५ मिलिमीटरची, सुमारे चार किलो वजनाची पिवळसर वीट हाती पडते. ती वितळत नाही हे खरे. पण ती उष्णता पिऊन घेते आणि बाहेरही सोडते. लहान भट्टी अशा विटांनी बांधली, तर बराच वेळ गॅस केवळ विटा तापविण्यातच जातो. त्याच आकाराची सच्छिद्र, हलकी 'इन्शुलेशन ब्रिक' जेमतेम किलोभर भरते आणि उष्णता कितीतरी चांगली अडविते. तिचा २३ क्रमांक १२६० अंशांसाठी, तर २६ क्रमांक सुमारे १४३० अंशांसाठी असतो. (हे आकडे फॅरनहाइटच्या शेकड्यांचे आहेत!) पण ही वीट ठिसूळ असते. वारंवार तापून थंड झाली की तडकते.

त्यामुळे लहान, नळकांड्याच्या आकाराच्या भट्टीला सिरॅमिक ब्लँकेट सोयीचे पडते. घनमीटरला १२८ किलो घनतेचे, २५ मिलिमीटर जाडीचे दोन थर घालावेत. गुंडाळीवर लिहिलेला १२६० हा आकडा मात्र जपून वाचावा. त्या तापमानाला ब्लँकेट आकसू लागते. सतत वापरासाठी मर्यादा त्याहून सुमारे शंभर अंशांनी कमी धरणे इष्ट. झिर्कोनिया मिसळलेले १४२५ अंशांचे ब्लँकेट महाग असले, तरी निदान आतला थर तरी त्याचा असावा, असे आमचे मत आहे.

आता धोक्याविषयी. हे तंतू अतिसूक्ष्म असून श्वासावाटे खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना मानवात कर्करोग घडविण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले आहे. शिवाय सुमारे १००० अंशांवर दीर्घकाळ तापल्यावर या तंतूंत क्रिस्टोबलाइट हा सिलिकाचा स्फटिकरूपी प्रकार तयार होतो आणि त्याला १९९७ मध्ये याच संस्थेने निश्चित कर्ककारकांच्या गटात टाकले आहे. म्हणजे नव्या ब्लँकेटपेक्षा वापरून करपलेले ब्लँकेट अधिक घातक. शरीरात विरघळू शकणाऱ्या तंतूंचे 'बायोसोल्युबल' ब्लँकेट तुलनेने बरे, तरीही तेसुद्धा उघडे ठेवू नये. कापताना व बसविताना एन-९५ किंवा त्याहून सरस मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. नाकाला बांधलेल्या रुमालाचा उपयोग नाही.

तंतू जागीच जखडण्यासाठी प्रथम त्यांवर कोलॉइडल सिलिका फवारून ते कडक करतात. त्यावर १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, अधिक अॅल्युमिना असलेल्या घट्ट कॅस्टेबलचा लेप द्यावा. हा लेप टाळणाऱ्यांना टाकणखार धडा शिकवितो. सांधकामात वापरला जाणारा टाकणखार ७४३ अंशांना वितळतो आणि पाण्यात मीठ विरघळावे तसे उघडे तंतू विरघळवून टाकतो. सिलिकायुक्त पदार्थांचीही तीच गत होते. कोल्हापूर, इचलकरंजीसारख्या फाउंड्रीच्या गावी सामान घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. इंडक्शन फर्नेससाठी तेथे मिळणारे सिलिकाचे रॅमिंग मास स्वस्त असते. पण टाकणखारापुढे ते टिकत नाही आणि गॅस भट्टीच्या तापमानाला ते नीट पक्केही होत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळूचे मिश्रण पाणी गमावून भुसभुशीत होते. बांधकामाचे सिमेंट ५०० अंशांच्या आसपासच खिळखिळे होऊ लागते. कॅस्टेबलमधील सिमेंट निराळ्या जातीचे, कॅल्शियम अॅल्युमिनेटचे असते. अॅस्बेस्टॉसचा पत्रा वा दोरी तर भट्टीच्या जवळपासही नको.

लेप दिल्यावर घाई नडते. एक दिवस प्लास्टिकने झाकून तो ओलसर ठेवावा, नंतर आत शंभर वॉटचा साधा बल्ब लावून दोन दिवस सुकवावा आणि मगच मंद ज्योत काही मिनिटे, थांबूनथांबून द्यावी. आत राहिलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली, तर लेपाचे तुकडे उडतात.

भट्टी नेहमी मोकळ्या हवेत चालवावी, कारण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामास वापरण्यास मनाई आहे. व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. लेपाला भेग पडून आतील पांढरे तंतू दिसू लागले, की भट्टी बंद करून ती जागा बुजवावी. जुने अस्तर काढताना मास्क लावून, पाण्याने भिजवूनच काढावे, झाडू मारू नये आणि सारा कचरा जाड पिशवीत घट्ट बांधावा.