एका धड्याचे सहा वाटेकरी

वर्णानुसार वेगळ्या केलेल्या सरकारी शाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरविल्या. तरीही टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले मोठ्या संख्येने एका वर्गात येण्यास १९७१ साल उजाडावे लागले. मुले एका छताखाली आली, पण मने दूरच राहिली आणि शाळांत मारामाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा टेक्सास विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन यांना उपाय सुचविण्यासाठी पाचारण करण्यात आले.

ॲरॉन्सन व त्यांचे विद्यार्थी प्रथम वर्गात बसून निरीक्षण करीत राहिले. शिक्षकांनी प्रश्न विचारताच काही हात वर होत. एकाचे नाव पुकारले की उरलेले हिरमुसत, आणि तो चुकला तर त्यांना आनंद होई. शेजारी बसणारा हा सोबती नव्हे, तर प्रतिस्पर्धी होता. भांडणाचे मूळ अध्यापनाच्या या रीतीतही होते.

म्हणून धड्याचीच वाटणी करण्यात आली. पाचवीच्या वर्गात एलिनॉर रूझवेल्ट यांचे चरित्र शिकवायचे होते. पाच-सहा मुलांच्या मिश्र गटात प्रत्येकाला चरित्राचा एकच भाग मिळाला. दुसऱ्याचा भाग वाचायला मिळणार नव्हता, तो त्याच्याकडून ऐकायचा होता. परीक्षा मात्र संपूर्ण चरित्रावर आणि प्रत्येकाची स्वतंत्र. वाचनात मागे असलेल्यांची कुचंबणा होऊ नये, म्हणून समान भाग मिळालेली निरनिराळ्या गटांतील मुले आधी एकत्र बसून तयारी करीत. तुकडे जोडून चित्र पुरे करण्याच्या खेळावरून या पद्धतीला ‘जिगसॉ’ हे नाव मिळाले.

एका गटात इंग्रजी बोलताना अडखळणारा मेक्सिकन वंशाचा मुलगा होता. आरंभी सोबती त्याची थट्टा करीत. परंतु त्याच्याजवळची माहिती अन्य कोणाकडेच नाही आणि परीक्षा तर जवळ आली आहे, याची जाणीव त्यांना करून देण्यात आली. मग ती मुले थट्टा सोडून त्याला नेमके प्रश्न विचारू लागली. तोही हळूहळू मोकळा झाला. पारंपरिक वर्गांशी तुलना करता या वर्गांतील मुलांचा परस्परांविषयीचा जिव्हाळा आणि आत्मविश्वास वाढलेला आढळला. अल्पसंख्य मुलांची प्रगती सुधारली, आणि त्यापायी गोऱ्या मुलांचे काहीच नुकसान झाले नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेलाही हा इतिहास परका नाही. घरची बोली, शेजारची भाषा आणि पुस्तकातील प्रमाण मराठी यांची सांगड घालताना तेथेही एखादे मूल अडखळते. इतिहास-नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेचा धडा असतोच. परंतु त्या मुलाचे बोलणे पूर्ण होईपर्यंत इतरांना थांबावे लागते, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने शिकविला जातो. बाक एक करणे न्यायालयाला साधले. एकमेकांची गरज निर्माण करणे हे काम शिक्षकाचेच राहिले.