इंजिनाचा ताप आणि त्याची मोजणी

मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात इंजिन तापल्याची सूचना चालकाला बहुधा रेडिएटरमधून उसळणाऱ्या वाफेवरूनच मिळत असे, म्हणजे निदान होईपर्यंत उपचाराची वेळ टळून गेलेली असे. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने ‘मोटोमीटर’ प्रचारात आणला. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा तापमापक चालकाला आसनावरूनच वाचता येई. मात्र तो पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरील वाफेचे तापमान दाखवत असल्याने त्याच्यावर विसंबताना रेडिएटरमधील पाण्याच्या पातळीकडेही लक्ष ठेवावे लागे.

पुढे तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला. इंजिनातील लहानशा फुग्यात ईथरसारखा लवकर वाफ होणारा द्रव भरून त्याचा दाब केशनलिकेतून, म्हणजे केसासारख्या बारीक नळीतून, काट्यापर्यंत पोहोचवण्याची ही रचना होती. तीत वीज नसल्यामुळे विजेचा दोषही संभवत नव्हता, परंतु नळी एकदा चिरली की सारे उपकरणच निकामी होई.

विजेवर चालणाऱ्या काट्यांनी ही अडचण दूर केली आणि दुसरी निर्माण केली. तापमान वाढताच काही पदार्थांचा विद्युतरोध, म्हणजे वीजप्रवाहाला होणारा अडथळा, कमी होतो, हे मायकेल फॅरडे याने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत नोंदवले होते. याच गुणधर्मावर आधारलेला थर्मिस्टर इंजिनाच्या पाण्यात बसवला गेला. आता काटा चुकला तर इंजिन, थर्मिस्टर, तार आणि काटा यांपैकी कोणाकडे बोट दाखवावे, असा प्रश्न उभा राहिला. त्यावर कारागिरांनी साधी परीक्षा वापरली: थर्मिस्टरची तार सोडवली की काटा थंड बाजूला पडला पाहिजे आणि तीच तार क्षणभर अर्थला, म्हणजे इंजिनाच्या उघड्या धातूला, टेकवली की तो लाल खुणेकडे धावला पाहिजे. दोन्ही घडले तर तार व काटा निर्दोष ठरत आणि संशय थर्मिस्टरवर येई.

१९६७ मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत आली, तेव्हा या मोजणीचे स्वरूपच बदलले. तोवर तापमान चालकाला कळवले जात होते. आता त्यावरून इंधनाचे प्रमाण ठरू लागले. थंड इंजिनाला अधिक इंधन लागत असल्याने तापलेले इंजिन थंड असल्याचा खोटा निरोप पोहोचला, तर नियंत्रक जास्त पेट्रोल सोडतो, काळा धूर निघतो आणि प्रदूषण वाढते.

प्रदूषणाच्या याच चिंतेतून कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवण्याची सक्ती झाली आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकसमान दोषसंकेत लागू झाले. भारतात ही स्वनिदान व्यवस्था भारत स्टेज चारच्या गाड्यांबरोबर रूढ झाली. या संकेतांपैकी पी ०११८ म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या परिपथातील व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, जे बहुधा तार तुटल्याने किंवा जोडणी सुटल्याने होते, तर पी ०११७ म्हणजे ते प्रमाणाबाहेर कमी, जे तार अर्थला शॉर्ट झाल्याने होते. संकेत परिपथाचे नाव सांगतो, सदोष भागाचे नव्हे. म्हणून मेकॅनिकला सेन्सरची जोडणी सोडवून स्कॅनरवर, म्हणजे संकेत वाचणाऱ्या उपकरणावर, उणे ४० अंशांच्या आसपासचा आकडा दिसतो का आणि दोन टोके जोडल्यावर तो अतिउष्णतेकडे झेपावतो का, हे तपासावे लागते. काट्याची जागा आकड्याने घेतली, एवढाच येथे फरक आहे.

या परीक्षेतून निसटतो तो सेन्सर, जो खोटा पण पटण्याजोगा आकडा देतो. गंजलेल्या जोडणीने विद्युतरोध वाढला की इंजिन प्रत्यक्षापेक्षा थंड भासते, तरीही आकडा मर्यादेत असल्याने पी ०११८ उमटत नाही. अशा वेळी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, कूलंट, म्हणजे इंजिनातील पाणी, आणि आत येणारी हवा यांच्या तापमानाचे आकडे ताडून पाहतात; त्या घटकेला दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत, आणि नसतील तर दोहोंपैकी एक सेन्सर खोटे बोलत असतो.